‘आय ॲम टेकिंग इट’: कांदोळीतला एक मेसेज आणि ‘घेऊन’ची भानगड

गेल्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवडाभर आधीची गोष्ट. रात्री साडेदहाला माझा भाचा आमच्या घरी आला, रेनकोट घालूनसुद्धा पूर्ण भिजलेला, हेल्मेट सोप्यावर ठेवलं आणि काही न बोलता मोबाइल माझ्या हातात दिला. व्हॉट्सॲपचं चॅट उघडलेलं होतं. ‘मावशे, तूच सांग, हांवें कितें चुकीचें बरयलें?’ (मी काय चुकीचं लिहिलं?) एवढंच म्हणाला. मी डिचोलीत इंग्लिशच्या ट्यूशन घेते, वीसेक वर्षं झाली, पण तो एक चॅट मला जेवढं शिकवून गेला तेवढं क्वचितच कशाने शिकवलं असेल, म्हणून हे प्रकरण सगळं लिहून काढतेय, त्याला विचारूनच.

आधी तो कोण ते सांगते. वय बावीस, चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून इंग्लिश माध्यम, म्हणजे गोव्यातल्या आमच्यासारख्या घरांतली बहुतेक मुलं जशी शिकतात तसाच. बारावीनंतर हॉटेलचा कोर्स केला आणि कांदोळीला एका छोट्या गेस्ट हाऊसमध्ये रिसेप्शनला लागला. रोज डिचोलीहून म्हापशामार्गे स्कूटरने जातो. आणि त्याचं इंग्लिश वाईट नाही हं, हे मुद्दाम सांगते. काळ बरोबर असतात, स्पेलिंग बरोबर असतं, इंग्लिश बातम्या वाचतो. ‘मुलाचं इंग्लिश कच्चं आहे’ असं म्हणून हे प्रकरण मिटवता आलं असतं, गेस्ट हाऊसच्या मालकाने मिटवलंच, पण ते खरं नाही.

झालं असं. इंग्लंडचं एक वयस्कर जोडपं चार दिवस राहून निघालं होतं. फ्लाइट रात्री अकराची, मोपाच्या एअरपोर्टवरून, पण पाऊस इतका की रस्त्यात अडकायला नको म्हणून ते दुपारीच निघाले. पावणेसहाच्या सुमारास बाईंचा मेसेज आला, की माझं इन्सुलिन खोलीतल्या फ्रिजमध्येच राहिलंय, कुणी एअरपोर्टवर आणून देऊ शकेल का. त्यांचं वाक्य असं: ‘आय हॅव लेफ्ट माय इन्सुलिन इन द फ्रिज. कॅन समवन ब्रिंग इट टु द एअरपोर्ट?’

याची ड्युटी संपत आली होती. घरी जाऊन माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्याचं, सामान आणायला बाजारात जायचं होतं. तरी हा एका क्षणाचाही विचार न करता वर गेला, फ्रिज उघडला, इन्सुलिनची पेनं कोरड्या टॉवेलात गुंडाळली म्हणजे बर्फ थेट लागणार नाही, मग बर्फाच्या पिशवीसोबत डब्यात घातली, डबा स्कूटरच्या डिकीत ठेवला आणि निघायच्या आधी उत्तर टाइप केलं: ‘यस मॅडम, डोन्ट वरी, आय ॲम टेकिंग इट.’

फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोही डिकीत टाकला आणि निघाला.

आता तिकडे एअरपोर्टवर बसलेल्या सत्तरीतल्या बाईंनी काय वाचलं बघा. त्यांनी विचारलं होतं ‘ब्रिंग’, उत्तरात आलं ‘टेक’. आणि इंग्लिशमध्ये औषधाच्या संदर्भात टेक म्हणजे औषध घेणे, आपण नाही का म्हणत, गोळी घेतलीस का, तसंच. म्हणजे त्या वाक्याचा एक अर्थ निघतो ‘ते इन्सुलिन मी स्वतःला टोचून घेतोय’ आणि दुसरा निघतो ‘ते मी घेऊन चाललोय’, कुठे ते माहीत नाही. दोन्ही अर्थ भयंकर. त्यांनी लगेच लिहिलं ‘टेकिंग इट वेअर?’, मग ‘प्लीज डोन्ट टेक इट!’, मग तीन मिस्ड कॉल. हा कोलवाळच्या पुलावर पावसात.

शेवटी त्यांनी ठरवलं की आपणच परत जाऊ, टॅक्सी केली आणि कांदोळीकडे निघाले. हा मोपाकडे जातोय, ते मोपाहून येताहेत, बहुतेक कोलवाळच्याच आसपास एकमेकांना ओलांडून गेले असणार. सात वाजता हा एअरपोर्टवर पोचला, डिकी उघडली, फोन बघितला आणि त्याचे हातपाय गळाले. फोन लावला तेव्हा ते म्हापशाच्या पुढे गेले होते. ते परत फिरले, आठ वाजून गेल्यावर पोचले, डबा मिळाला, फ्लाइटही मिळाली. बाईंनी त्याचे दोन्ही हात धरून थँक यू म्हटलं म्हणे. पण टॅक्सीचं जाण्यायेण्याचं भाडं गेस्ट हाऊसला द्यावं लागलं आणि मालकाने ते याच्या पगारातून कापलं. हे मला अजून पटलेलं नाही. जो मुलगा ड्युटीबाहेर, स्वतःच्या पेट्रोलने, तसल्या पावसात मोपाला गेला त्याचे पैसे कापायचे? असो, तो विषय वेगळा.

मला छळत होतं ते हे की ‘आणतो’साठी याच्या हातून टेक आलंच कसं. ब्रिंग म्हणजे आणणे आणि टेक म्हणजे घेणे किंवा नेणे हे त्याला पाचवीपासून पाठ आहे. आणि बाईंच्या मेसेजात तर ब्रिंग हा शब्द समोर लिहिलेला होता! मी त्याला म्हटलं, टाइप करताना मनात जे वाक्य होतं ते मला मराठीत सांग, जसंच्या तसं. तो म्हणाला, ‘काळजी करू नका, मी ते घेऊन येतोय.’

तिथे मला उलगडलं. घेऊन येतोय. त्याने ‘घेऊन’चं टेक केलं आणि ‘येतोय’ सोडून दिलं.

आपल्याकडे ‘घेऊन येणे’ आणि ‘घेऊन जाणे’ यांत पहिला शब्द तोच, दिशा सगळी शेपटीला. घेऊन ये, घेऊन जा. घेऊन ऐकून तुम्हाला काहीच कळत नाही की वस्तू कुठल्या बाजूला चाललीय, पुढचं क्रियापद आलं की कळतं. इंग्लिशमध्ये दिशा त्या एकाच क्रियापदाच्या पोटात बसवलेली, ब्रिंगमध्ये ‘येणे’ आहे, टेकमध्ये ‘जाणे’ आहे, वेगळं काही जोडायला लागत नाही. मराठीत विचार करून घाईत टाइप करणारा माणूस पहिल्या शब्दाचं भाषांतर करतो आणि त्याला वाटतं झालं, कारण क्रियापद तर मिळालं. अर्धं क्रियापद मागे राहिलंय हे त्याच्या लक्षातच येत नाही.

मग मी चॅट वर वर सरकवत गेले, चार दिवसांचं सगळं वाचलं. आणि तीच चूक वेगवेगळे कपडे घालून परत परत दिसायला लागली.

पहिल्या दिवशी पाऊस सुरू झाल्यावर त्याने लिहिलं होतं: ‘मॅडम, यू कॅन लेंड माय अम्ब्रेला.’ म्हणायचं होतं की माझी छत्री घ्या, नंतर परत द्या. म्हणजे बॉरो. लेंड म्हणजे देणाऱ्याचं काम, बॉरो म्हणजे घेणाऱ्याचं. त्याच्या वाक्याचा अर्थ झाला की माझी छत्री तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी वापरायला द्या. बाई समजूतदार, काही बोलल्या नाहीत, पण छत्रीही न्यायला आल्या नाहीत. इथेही मराठी बघा: उसने घेणे, उसने देणे. पहिला शब्द ‘उसने’ दोन्हीकडे तोच, दिशा पुन्हा शेवटी. मुलांच्या डोक्यात ‘उसने म्हणजे लेंड’ असं एकच बसतं आणि मग घेतलं काय नि दिलं काय, लेंडच.

या एका बाबतीत मात्र आपण एकटे नाही. जर्मनमध्ये लाइएन हे एकच क्रियापद दोन्हीसाठी चालतं, त्यामुळे जर्मन माणसंही इंग्लिश बोलताना इथेच अडखळतात. मी ट्यूशनला हे मुद्दाम सांगते, कारण आपलीच मुलं कमी असं पोरांना वाटायला लागलं की ती लिहायचीच बंद होतात.

दुसऱ्या दिवशीचा मेसेज: ‘सर, प्लीज रिमेंबर मी ॲट फाइव्ह फॉर टॅक्सी.’ त्याला म्हणायचं होतं पाच वाजता मला टॅक्सीची आठवण करून द्या, म्हणजे रिमाइंड. आठवणे हे रिमेंबर, आठवण करून देणे हे रिमाइंड. परत तेच, ‘आठवण’ पकडलं आणि ‘करून देणे’ सुटलं. शिकणे आणि शिकवणे यात तर आपण मध्ये नुसता एक ‘व’ घालतो आणि काम दुसऱ्यावर ढकलतो. इंग्लिशमध्ये त्यासाठी लर्न आणि टीच असे दोन अनोळखी शब्द. ‘माय आन्टी लर्न्ड मी इंग्लिश’ असं हाच मुलगा सातवीत असताना म्हणायचा, मला चांगलं आठवतंय. गंमत म्हणजे जुन्या इंग्लिशमध्ये लर्नचा अर्थ शिकवणे असाही व्हायचा, चारेकशे वर्षांपूर्वी ते चांगल्या लिखाणातही चालत होतं, आज मात्र अशुद्ध धरतात.

आणि तिसऱ्या दिवसाची गोष्ट चॅटमध्ये नव्हती, ती त्याने तोंडी सांगितली, तीही मी खोदून विचारल्यावर. संध्याकाळी सातला ड्युटी संपली, साहेब लॉबीत बसलेले, त्यांना रात्री जेवायला कुठे जावं ते विचारायचं होतं. हा बॅग खांद्याला लावून निघताना हसून म्हणाला ‘ओके सर, आय ॲम कमिंग’ आणि घरी आला. साहेब पाऊण तास लॉबीत बसून राहिले, की हा आत्ता येईल मग येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी जरा घुश्शातच विचारलं म्हणे, काल कुठे गेला होतास.

येतो हं! आपल्याकडे उंबऱ्यातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, अशुभ. मराठीत येतो म्हणा, जाऊन येतो म्हणा, कोंकणीत ‘येतां हां’, सगळीकडे जाणारा माणूस परत यायची हमी देऊन जातो. फार सुंदर रीत आहे ही, मला मनापासून आवडते. पण ती कमिंगमध्ये भरून पाठवता येत नाही. ‘आय ॲम कमिंग’ ऐकणारा इंग्रज माणूस वाट बघत बसतो, त्यात त्याचा दोष नाही. निघताना ‘सी यू टुमॉरो’ म्हणायचं, किंवा नुसतं ‘आय ॲम लीव्हिंग नाऊ, सर’. आणि दोन मिनिटांत खरंच परत येणार असलात तर ‘आय विल बी राइट बॅक’. आपलं ‘आलोच’ म्हणजे हेच.

आता उपायाबद्दल. शाळेच्या गाईडमध्ये नियम असतो: ब्रिंग म्हणजे इकडे, टेक म्हणजे तिकडे. मीसुद्धा कित्येक वर्षं हेच शिकवत आले. पण या प्रकरणात तो नियम उपयोगाचा नाही, उलट घातकच आहे. भाचा कांदोळीत उभा, इन्सुलिन जाणार मोपाला, म्हणजे त्याच्या दृष्टीने ‘तिकडे’, मग नियमाने टेकच बरोबर ठरतं की! आणि तो तसं म्हणालाही, ‘मावशे, वस्तू तर माझ्यापासून लांब जात होती.’ मला दोन मिनिटं उत्तर सुचलं नाही.

गोम अशी आहे की इंग्लिशमध्ये ‘इकडे’ म्हणजे फक्त बोलणाऱ्याचं इकडे नाही, ऐकणाऱ्याचंही. चार्ल्स फिल्मोर नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1971 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला यावर व्याख्यानं दिली होती (आपलं पणजीजवळचं सांताक्रूझ नव्हे, पण नाव वाचून मला बरं वाटलं होतं). त्याने कम आणि गो यांचा कीस काढलाय. बोलणारा किंवा ऐकणारा आत्ता जिथे आहे, किंवा ती गोष्ट घडेल तेव्हा जिथे असणार आहे, त्या दिशेने जाणं म्हणजे कम. ब्रिंगचंही साधारण तसंच. बाई मोपाला आहेत, मेसेज त्यांना चाललाय, म्हणजे त्यांच्याकडे जे येणार ते ब्रिंग. तोच निरोप त्याने मालकाला दिला असता, जो कांदोळीतच बसलाय, तर ‘आय ॲम टेकिंग इट टु द एअरपोर्ट’ हे अगदी बरोबर झालं असतं. वस्तू तीच, रस्ता तोच, ऐकणारा बदलला की क्रियापद बदललं.

सगळ्या भाषा असं करत नाहीत. पोर्तुगीजमध्ये कुणी हाक मारली तर उत्तर देतात ‘झा व्हो’, म्हणजे शब्दशः ‘आता जातो’, तिथे हाक मारणाऱ्याच्या बाजूने विचार करत नाहीत. पण मराठी करते! फोनवर आपण काय म्हणतो? ‘मी तुझ्याकडे येतो.’ तुझ्याकडे जातो म्हणत नाही. म्हणजे इंग्लिशचा हा अवघड म्हणवला जाणारा नियम आपल्या तोंडात लहानपणापासून आहे. त्याने मनात ‘घेऊन येतोय’ म्हटलं होतं, म्हणजे दिशा त्याने शंभर टक्के बरोबर पकडली होती! फक्त हातून टाइप करताना ती गळली. हे त्याला समजावून सांगितलं तेव्हा त्या रात्री पहिल्यांदा त्याचा चेहरा जरा सैल झाला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सोप्यावर खुर्ची टाकून बसले, मी म्हणजे मोपा, अंगणातली तुळस म्हणजे कांदोळी, आणि चहाचा छोटा थर्मास म्हणजे इन्सुलिन. तो तुळशीकडून माझ्याकडे यायचा, बोलायचा. मग मी उठून तुळशीपाशी त्याच्या शेजारी उभी राहायची, मालक म्हणून, आणि त्याने तोच थर्मास खुर्चीकडे न्यायचा, पण वाक्य मला सांगायचं. तरी पहिली दहा मिनिटं गडबडच. तो प्रत्येक वेळी मनात ‘घेऊन’ म्हणून सुरुवात करायचा आणि तिथेच अडकायचा. सासूबाई झोपाळ्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांना इंग्लिश येत नाही, पण आमचं घेऊन-घेऊन ऐकून कंटाळल्या आणि म्हणाल्या, ‘हाड म्हण ना जाल्यार व्हर म्हण, घेवन घेवन कितें करता रे?’

आणि तेच उत्तर होतं. कोंकणीत हाडप म्हणजे आणणे, व्हरप म्हणजे नेणे. एकेक शब्द, दिशा पोटातच, अगदी ब्रिंग आणि टेकसारखी. मराठीतही आपल्याकडे आण आणि ने आहेतच की, फक्त रोजच्या बोलण्यात आपण ‘घेऊन ये, घेऊन जा’ जास्त वापरतो. म्हापशाच्या बाजारात उभा राहिला की हा मुलगा दिवसभर हाड आणि व्हर बरोबर वापरतो, एकदाही चुकत नाही. त्या बाईंना कोंकणीत काय सांगितलं असतंस विचारलं तर पटकन म्हणाला, ‘हांव हाडटां.’ मग हाडटां म्हणजे? ‘आय ॲम ब्रिंगिंग इट.’ झालं. मालकाला? ‘व्हरतां. आय ॲम टेकिंग इट.’

तेव्हापासून आम्ही हीच पद्धत ठेवली. टाइप करायच्या आधी मनातलं वाक्य एका शब्दाच्या क्रियापदात बसवायचं. घेऊन येतो असेल तर आणतो, घेऊन जातो असेल तर नेतो. जिथे असा एक शब्द नाही, जसं उसने किंवा आठवण, तिथे शेवटून वाचायचं, देतोय का घेतोय ते आधी बघायचं आणि मगच इंग्लिशकडे जायचं. त्याने वहीच्या मागच्या पानावर शेपट्या लिहून ठेवल्यात: येतो, जातो, देतो, घेतो, करून देतो. व्याकरणाचं पुस्तक काढलं नाही. त्याची गरज नव्हती.

एक सावधगिरी मात्र सांगितली. आयर्लंडचे लोक बोलताना जिथे पुस्तकी इंग्लिशमध्ये टेक हवं तिथेही सर्रास ब्रिंग म्हणतात, अमेरिकनही पुष्कळदा सैल असतात. तेव्हा पाहुण्याच्या तोंडून काही वेगळं आलं तर आपलं शिकलेलं मोडायचं नाही आणि त्याला सुधारायलाही जायचं नाही.

औषधाचं टेक मी वेगळं करून घेतलं. गोळी, इन्सुलिन, सिरप यांच्या पुढे टेक आलं की ते पोटात किंवा अंगात गेलं असंच वाचलं जाणार, म्हणून औषध पोचवण्याबद्दल लिहिताना जागेचं नाव वाक्यात आलंच पाहिजे. नुसतं ‘टेकिंग इट’ नाही, नुसतं ‘ब्रिंगिंग इट’ही नाही, ‘आय ॲम ब्रिंगिंग युवर इन्सुलिन टु मोपा, आय विल बी देअर बाय सेव्हन’. मला वाटतं की त्या संध्याकाळी ‘टु मोपा’ एवढे दोन शब्द असते तरी चुकीच्या क्रियापदासकट काम भागलं असतं, बाईंनी टॅक्सी केली नसती.

आता वर्ष होत आलं. लेंड-बॉरो पूर्ण सुटलंय, येतो-कमिंग सुटलंय. रिमेंबर अजून अधूनमधून डोकावतं, घाई असली की हमखास. नवीन एक निघालं ते ‘विसरलो’चं. ‘आय फरगॉट द की ॲट होम’ असं लिहून त्याने मला आधी दाखवलं, पाहुण्याला पाठवायच्या अगोदर. जागेचं नाव आलं की इंग्लिशमध्ये फरगेट नको, लेफ्ट हवं, बाईंचं पहिलं वाक्य आठव म्हटलं. त्याने चॅट अजून डिलीट केलेलं नाही. वर सरकवत गेला, ‘आय हॅव लेफ्ट माय इन्सुलिन इन द फ्रिज’ एकदा मोठ्याने वाचलं आणि आपलं वाक्य खोडून परत लिहिलं.

परवा त्याचा व्हॉइस मेसेज आला, मागे म्हापशाच्या बसस्टँडचा गोंगाट. ‘मावशे, गेस्टाक एअरपोर्टार सोडपाचें आसा, सोडटां म्हणजे लीव्ह बरयूं काय ड्रॉप?’ मी लिहिलं, ड्रॉप, आणि लीव्ह का नको ते संध्याकाळी घरी ये मग सांगते.